विहिरीला पाणी येते कोठून?

बीड शहराच्या दक्षिणेला, पाच-सहा किलोमीटरवर, एक जुनी विहीर आहे. तिचे नाव खजाना विहीर. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. आम्हीही शाळेची मुले घेऊन तेथे गेलो आहोत.

ही विहीर सोळाव्या शतकातली आहे. तेव्हा अहमदनगरला मुर्तजा निजामशहा राज्य करीत होता. त्याचा सरदार सलाबतखान याने ती बांधविली. राजा भास्कर नावाच्या जाणकाराने तिची आखणी केली. बांधताना सगळा खजिना खर्ची पडला, म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात.

लोक आणखी एक गोष्ट सांगतात. दुष्काळ पडला तरी ही विहीर आटत नाही, असे म्हणतात. मग कोणी म्हणतो, हा चमत्कार आहे. कोणी म्हणतो, खाली मोठी नदी वाहते.

मंडळी, चमत्कारही नाही आणि नदीही नाही. मग काय आहे? ते आज पाहू. ते कळले की आपल्या गावची विहीर का आटते, तेही कळेल.

जमिनीच्या पोटात काय आहे?

आपल्या मुलखात विहीर खणताना काय काय लागते? वर काळी माती. तिच्याखाली मुरूम. मग मांजऱ्या, म्हणजे मऊ, भुसभुशीत खडक. आणि मग काळा पाषाण. तो इतका कठीण की पहारीतून ठिणगी उडते.

हा पाषाण आला कोठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या. त्यांतून तापलेला रस बाहेर आला. तो पसरला आणि थंड होऊन दगड झाला. मग त्यावर दुसरा थर आला, तिसरा आला. भाकरीवर भाकरी ठेवून चवड करावी, तसे हे थर बसले. आपले बालाघाटाचे डोंगर याच दगडाचे आहेत.

आता आपल्या घरातला पाटा आठवा. तो याच जातीच्या दगडाचा. पाट्यावर तांब्याभर पाणी ओता. पाणी आत मुरेल काय? नाही मुरणार. ते वाहून जाईल. पण पाट्याला चीर गेली असेल, तर त्या चिरेत थोडे पाणी राहील.

जमिनीखाली असेच आहे. अखंड पाषाणात पाणी राहत नाही. ते मुरमात राहते, मांजऱ्यात राहते, आणि खडकाच्या चिरांत राहते. मुरूम आणि मांजऱ्या बहुतेक ठिकाणी वरच्या पन्नास-साठ फुटांतच असतात. तेथेही पाणी फार मावत नाही. शंभर घमेली असा खडक घेतला, तर त्यातून एक ते तीन घमेली पाणी निघते. एवढेच आपले भांडे आहे, बरं का!

हे भांडे कोण भरतो? फक्त पाऊस. जमिनीखालचे पाणी म्हणजे मुरलेला पाऊस. दुसरे काही नाही.

बरणीतल्या दोन विहिरी

हे करून पाहा. एक काचेची बरणी घ्या. पपईच्या पानाचे दोन पोकळ देठ घ्या. त्यांची दोन्ही टोके कापा. देठ बरणीत थोड्या अंतरावर उभे धरा. भोवती धुतलेले बारीक खडे भरा. या झाल्या दोन विहिरी.

आता बरणीच्या कडेने हळूहळू पाणी ओता. देठांत पाणी ओतू नका. तरी काय दिसेल? दोन्ही देठांत पाणी आपोआप चढेल. खड्यांत जेवढे उंच, तेवढेच देठांत उंच.

मग एका देठाला तोंड लावून पाणी ओढा. काही घोट ओढल्यावर बरणीकडे पाहा. खड्यांतले पाणी खाली गेले. आणि दुसऱ्या देठातलेही खाली गेले! त्याला तर कोणी हात लावला नव्हता.

यातून काय कळते? विहीर पाणी तयार करीत नाही. विहीर म्हणजे जमिनीतल्या पाण्याला पाडलेली खिडकी. खिडक्या वेगळ्या, पाणी एकच. मात्र एक लक्षात असू द्या. बरणीत खडे सारखे पसरलेले असतात. जमिनीत चिरा वाकड्यातिकड्या जातात. म्हणून एखादी शेजारची विहीर लवकर उतरते, एखादी उशिरा.

दोन भावांची गोष्ट

ही बरणी आम्हाला का करावी लागली, ते सांगतो.

आमच्या गावात दोघे सख्खे भाऊ आहेत. नावे सांगत नाही. थोरल्याच्या वाट्याला बापाची विहीर आली. धाकट्याच्या वाट्याला कोरडी पट्टी. धाकट्याने एका पाणाड्याला बोलावले. त्याने तळहातावर नारळ ठेवला आणि शेतात हिंडला. एके ठिकाणी नारळ उभा राहिला. तेथे बोअर घेतला. सातशे फूट गेला. नुसती काळी भुकटी उडाली.

मग बायकोचे दागिने गहाण पडले. दुसरा बोअर थोरल्याच्या बांधाला लागून घेतला. त्याला पाणी लागले. गूळ वाटला. रात्रंदिवस मोटार चालली. दोन महिन्यांत थोरल्याच्या विहिरीचा तळ दिसला. उन्हाळ्यात बोअरही गेला. दोन्ही घरांचे पीक गेले. भावाभावांचे बोलणे बंद झाले. दिवाळी झाल्यावर दोन्ही दारांना कुलपे लागली. एक बिऱ्हाड एका कारखान्याच्या तोडीला गेले, दुसरे दुसऱ्या.

परत आल्यावर धाकटा आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, मी काय त्याचं पाणी चोरलं? माझ्या रानात मी बोअर घेतला."

आम्ही थोरल्यालाही बोलावून घेतले. मध्ये बरणी ठेवली. एका देठाने धाकट्याला पाणी ओढायला लावले. थोरल्याला म्हटले, "तू तुझ्या देठात बघ." दोघेही बराच वेळ गप्प बसले. मग थोरला म्हणाला, "म्हणजे चोरी कुणाचीच नाही. बरणीच एक आहे."

नारळाला पाणी कळते काय?

पाणाड्याचा नारळ खोटा होता काय? तो माणूस लबाडच होता, असे आम्ही म्हणत नाही. हातावर नारळ तोलून चालताना हात नकळत थोडा हलतो. मनात "येथे पाणी असेल" असे आले, की बोटे आपोआप नारळ उचलतात. चालणाऱ्यालाही ते कळत नाही.

मग काही वेळा पाणी लागते कसे? आपल्या मुलखात वरच्या मऊ खडकात पुष्कळ ठिकाणी थोडेफार पाणी असतेच. कोठेही खणले तरी काही वेळा ते लागणार. लागले की गावभर बोलबाला होतो. नाही लागले की माणूस कर्ज घेऊन गप्प बसतो. म्हणून लागलेले मोजताना न लागलेलेही मोजावे.

पारख सोपी आहे. पाणाड्याला पाण्याच्या दहा जागा दाखवायला सांगा. तेथे गुपचूप खुणा करा. मग त्याचे डोळे बांधून पुन्हा फिरवा. त्याच जागा पुन्हा सापडतात का, पाहा. पैसे त्यानंतर मोजा.

खोल गेले की पाणी हमखास लागते, हाही भ्रम आहे. खाली गेलो की पाषाण अधिक अखंड, चिरा कमी. खोल चिरेत पाणी लागले तरी ते फार वर्षांचे साठलेले असते. आपण ते काही महिन्यांत उपसतो. ते भरायला पावसाला पुष्कळ वर्षे लागतात.

पावसाचा हिशेब

आता थोडे गणित करू. पाटी घ्या.

एका एकरावर एक इंच पाऊस पडला, तर किती पाणी पडते? सुमारे १ लाख लिटर. वर्षात २५ इंच पाऊस पडला असे धरू. म्हणजे एका एकरावर २५ लाख लिटर पडले.

२०१६ साली लातूरला प्यायला पाणी नव्हते. आपल्या केज तालुक्यातले मांजरा धरण आटले होते. लातूरला पाणी तेथूनच जाते. तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी आणले. पन्नास डब्यांची गाडी एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर पाणी आणीत होती. म्हणजे चांगल्या वर्षी आपल्या एका एकरावर एक आगगाडीभर पाणी आकाशातून पडते!

पण त्यातले जमिनीत किती मुरते? आपल्यासारख्या पाषाणाच्या मुलखात साधारण दहावा हिस्सा. म्हणजे अडीच लाख लिटर. बाकीचे वाहून जाते, उन्हाने उडते, किंवा पिके आणि झाडे पितात.

आता खर्चाची बाजू. एक एकर उसाला वर्षाला सुमारे ८० इंच पाणी लागते. त्यातले २० इंच पावसाचे धरू. उरले ६० इंच. म्हणजे ६० लाख लिटर विहिरीतून काढायचे. एका एकराखाली मुरले अडीच लाख. ६० ला अडीचने भागा. उत्तर येते २४. एका एकर उसासाठी चोवीस एकरांखालचे पाणी! मग गावच्या विहिरी आटल्या तर नवल काय? ज्वारीला सगळे मिळून सुमारे २० इंच पाणी पुरते.

ऊस लावू नका, असे आम्ही कोणाला सांगत नाही. पोट ज्याचे त्याला. पण लावण्याआधी हा हिशेब मांडावा.

खजाना विहिरीचे गुपित

आता त्या जुन्या विहिरीकडे परत जाऊ. तिला जमिनीखालून तीन वाटा आहेत. दोन वाटांनी पाणी आत येते. तिसऱ्या वाटेने ते बाहेर जाते आणि खालच्या अंगाच्या शेतांना मिळते. मोट नाही, मोटार नाही. नुसता उतार.

यात मोठे शहाणपण आहे. बाहेरची वाट ज्या उंचीला आहे, तिच्या वरचेच पाणी त्या वाटेने जाते. खालचे पाणी जागच्या जागी राहते. ही विहीर वाढावा वाटते, मुद्दल राखते. आपली मोटार मात्र मुद्दलालाच तोंड लावते. गुपित म्हणाल तर एवढेच.

असे शहाणपण आजही चालते. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमध्ये, हिवरे बाजार हे गाव आहे. तेथे पाऊस आपल्यापेक्षा कमीच. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने चर खणले, बांध घातले. शेतीसाठी बोअर घेणे बंद केले. पावसाचा हिशेब मांडून पिके ठरवू लागले. आधी ते लोक गाव सोडून जात. पुढे गेलेली घरे परत आली.

आपण काय करावे?

१. विहीर मोजा. दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. एकदा दसऱ्याला, एकदा अक्षय तृतीयेला. वहीत लिहून ठेवा. आता आपल्याला लिहिता येते!

२. शेताचे बांध नीट करा. उतारावर आडवे चर खणा. पळणारे पाणी थांबले तर मुरते.

३. विहिरीजवळ खड्डा खणा. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू घाला. शेतातले पाणी यातून गाळून विहिरीत सोडा. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी सोडू नका.

४. बोअर घेण्याआधी जिल्ह्याच्या भूजल कार्यालयात विचारा. तेथील माणसे खडक जाणतात.

५. गावाने एकत्र बसून ठरवा. बरणी एक आहे.

त्या दोघा भावांनी मिळून बांधावर असा खड्डा केला. मोटार पाळीने चालवायची, असे ठरविले. त्या वर्षी पाऊसही बरा झाला. विहिरीचे पाणी अक्षय तृतीयेपर्यंत टिकले. त्यात खड्ड्याचा वाटा किती आणि पावसाचा किती, ते एका वर्षात सांगता येत नाही. म्हणून धाकटा आता वहीत माप लिहितो. दोरी थोरला धरतो.

प्रश्न

१. अखंड पाषाणात पाणी का राहत नाही?
२. एका देठातून पाणी ओढले, तर दुसऱ्यातले का उतरले?
३. तुमच्या शेतावर ३ इंच पाऊस पडला. शेत २ एकर आहे. किती लिटर पाणी पडले?
४. तुमच्या गावात गेल्या पाच वर्षांत किती बोअर घेतले? त्यांतले किती आज चालू आहेत? घरोघर विचारून लिहा.