वगळलेला बॉम्बाडिल, बदललेला फॅरामिर

प्रश्न : ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मी कॉलेजात असताना वाचलं, चित्रपट नंतर पाहिले. माझ्या भाच्याचं उलटं झालं. त्यानं आधी चित्रपट पाहिले आणि मग पुस्तक हातात घेतलं. त्याच्या मते चित्रपटांनी पुस्तकातला पसारा आवरला. मला मात्र फॅरामिरचं जे केलंय ते आजही बघवत नाही. इतक्या ऑस्करांनंतरही या चित्रपटांवरून चाहते अजून का भांडतात? आणि टॉल्किन असते तर त्यांनी कोणाची बाजू घेतली असती?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर निव्वळ अंदाजानं द्यावं लागत नाही. टॉल्किन १९७३ मध्ये गेले आणि पीटर जॅक्सनचा या मालिकेतला पहिला चित्रपट २००१ मध्ये आला. पण या कादंबरीवर चित्रपट काढण्याचा विचार काही अमेरिकन मंडळींनी १९५७ मध्येच केला होता. मॉर्टन झिमरमन यांनी लिहिलेला कथेचा आराखडा टॉल्किनना वाचायला मिळाला आणि १९५८ मध्ये त्यांनी त्यावर प्रसंगागणिक शेरे लिहून पाठवले. ते त्यांच्या प्रकाशित पत्रांमध्ये आहेत. रूपांतराबद्दल वाद घालणाऱ्या प्रत्येकानं ते वाचावेत.

या शेऱ्यांतून पहिली गोष्ट कळते ती ही की टॉल्किनना कात्रीचं वावडं नव्हतं. सगळंच थोडं थोडं घेऊन कोंबायचं, याचा त्यांना राग होता. त्यापेक्षा निवड करा आणि उरलेलं सरळ सोडून द्या, असं त्यांचं म्हणणं. रानात राहणाऱ्या टॉम बॉम्बाडिलची सहचरी गोल्डबेरी आराखड्यात अर्थहीनपणे डोकावून जात होती. अशी येण्यापेक्षा ती आलीच नाही तर बरं, असं त्यांनी लिहिलं. एंट, म्हणजे ती चालती-बोलती वृक्षमाणसं, आणि हेल्म्स डीपची लढाई या दोन्हींना पुरेशी जागा मिळत नसेल तर एक काढा, आणि काढायचीच तर लढाई काढा, असंही त्यांनी सुचवलं. मुख्य कथेत तिचं स्थान दुय्यम आहे, शिवाय पुढे मोठं युद्ध यायचंच आहे आणि लढाया एकमेकींसारख्याच दिसतात, हे त्यांचं कारण. जॅक्सनच्या ‘द टू टॉवर्स’मध्ये नेमकी हीच लढाई चित्रपटाचा कळस झाली आणि एंट मागे पडले.

याच शेऱ्यांमध्ये टॉल्किननी वाईट रूपांतराचं मूळ कशात असतं तेही सांगितलंय. मूळ कृतीचा गाभा कुठे आहे हे ओळखता आलं नाही की माणूस अतिशयोक्ती करतो आणि नको ते आत घुसवतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. चाहत्यांच्या दोन दशकांहून जुन्या भांडणाची किल्ली मला इथे दिसते. ‘काय गाळलं’ यावरून सुरू झालेला वाद थोड्याच वेळात ‘पुस्तकाचा गाभा कोणता’ या मुद्द्यावर येतो आणि तिथे दोन प्रामाणिक वाचकांचं उत्तर एक असेलच असं नाही.

बॉम्बाडिलचंच बघा. पहिल्या चित्रपटानंतर त्याच्या नावानं बरीच हळहळ झाली. पण तो नसल्यानं कथेचा कणा हलत नाही, हे आज पुस्तकप्रेमीही बहुधा मान्य करतात. सतरा वर्षांचा काळ गाळला तेही खपून गेलं. पुस्तकात बिल्बोचा वाढदिवस आणि फ्रोडोचं घर सोडणं यांच्यात एवढं अंतर आहे आणि प्रवासाला निघतो तेव्हा फ्रोडो पन्नाशीचा आहे. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा फ्रोडो साकारणारा एलायजा वुड अठरा वर्षांचा होता. त्यामुळे एका मध्यमवयीन, घरंदाज हॉबिटाची कथा कोवळ्या पोराची झाली. मला हा बदल दिसतो त्याहून मोठा वाटतो, पण त्यावर कोणी फारसं भांडत नाही.

आता फॅरामिर. पुस्तकातला फॅरामिर सॅमच्या तोंडून चुकून निसटलेल्या शब्दांवरून ओळखतो की सर्वांवर सत्ता देणारी ती अंगठी या दोन थकलेल्या प्रवाशांजवळ, फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम यांच्याजवळ, आहे. त्याच्या हाताशी सैनिक आहेत, भोवती रान आहे, जाब विचारणारं कोणी नाही. तरी तो अंगठीला हात लावत नाही आणि दोघांना शिधा आणि काठ्या देऊन वाटेला लावतो. चित्रपटातला फॅरामिर त्यांना कैद करून ऑस्गिलियाथपर्यंत फरफटत नेतो आणि अगदी शेवटी सोडतो.

पटकथाकार फिलिपा बॉयन्स यांनी याचं कारण वेळोवेळी दिलंय आणि ते उडवून लावण्याजोगं नाही. जादूगार गँडाल्फ आणि एल्फ गॅलाड्रिएल यांच्यासारखी थोर पात्रंही अंगठी हाती घ्यायला घाबरतात, हे प्रेक्षकाच्या मनावर पहिल्या चित्रपटापासून ठसवलेलं असतं. मग मध्येच एक माणूस येऊन ती सहज नाकारतो म्हटल्यावर तिचा धाक उरतो कुठे? त्यातून आणखी एक पेच. शेलॉब या महाकाय कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या चित्रपटात गेल्यामुळे दुसऱ्या चित्रपटात फ्रोडो-सॅमच्या वाटेवर शेवटी एखादं मोठं संकट हवं होतं. ते फॅरामिरच्या रूपानं आलं.

हे सगळं मान्य करूनही मी तुमच्या बाजूनं आहे. टॉल्किननी ६ मे १९४४ रोजी आपल्या मुलाला, ख्रिस्तोफरला, पत्र लिहून कळवलं की कथेत एक नवं पात्र आलंय आणि ते आपण घडवलं असं काही वाटत नाही, ते आपणहून चालत आलंय. ते पात्र म्हणजे फॅरामिर. ख्रिस्तोफर तेव्हा हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता. १९१६ मध्ये सॉमच्या रणभूमीवर लढलेला बाप, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेलेला मुलगा, आणि अशा वेळी कागदावर उतरलेला हा सेनापती, ज्याला तलवारीच्या धारेचं प्रेम नाही, ती ज्याचं रक्षण करते त्याचं आहे. आपल्यासारखं एखादं पात्र असेलच तर ते फॅरामिर, असंही टॉल्किननी पुढे एका पत्रात म्हटलं. सत्ता समोर आयती पडलेली असताना तिच्याकडे पाठ फिरवणारी साधी माणसं जगात असतात, हा विश्वास फॅरामिरमध्ये आहे. त्यालाच डळमळीत केलं की अंगठी बलवान होते, पण माणूस लहान होतो.

तरी भाच्यालाही न्याय द्यायला हवा. त्याच फॅरामिरचा थोरला भाऊ बोरोमिर घ्या. पुस्तकात त्याची शेवटची झुंज आपल्याला दिसतच नाही. दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला सहप्रवासी अरागॉर्न पोचतो तेव्हा बोरोमिर बाणांनी विंधलेला, झाडाला टेकून बसलेला असतो. जॅक्सननी ती झुंज पहिल्या चित्रपटाच्या शेवटी आणली, बोरोमिर साकारणाऱ्या शॉन बीनला पुरेसा वेळ दिला आणि मोहाला बळी पडलेल्या माणसाचा पश्चात्ताप डोळ्यांसमोर उभा केला. माझ्या मते हा प्रसंग पडद्यावर जास्त भिडतो. पुस्तकाचा इथला गाभा जॅक्सननी पुरेपूर ओळखला होता.

चित्रपटात सॅमला फ्रोडो पायऱ्यांवरून घरी पाठवतो तो प्रसंग मात्र मला कोणत्याही बाजूनं समर्थनीय वाटत नाही. पुस्तकात तसं काही घडत नाही. ते दोघं एकत्रच शेलॉबच्या बोगद्यात शिरतात.

चाहत्यांमधली सर्वांत खोल फट मात्र शेवटावरून आहे. पुस्तकात अंगठी नष्ट झाल्यावर चौघे हॉबिट घरी परततात आणि शायर हा आपला मुलूख उद्ध्वस्त झालेला बघतात. झाडं तोडलेली, गिरण्यांचा धूर, गावच्या पोरांच्याच हाती दंडुके, आणि या सगळ्यामागे पदच्युत जादूगार सारुमान. राजेरजवाड्यांची मदत न घेता हॉबिट आपला गाव स्वतः सोडवतात. चित्रपटात हे नाही. गॅलाड्रिएलच्या आरशात जळत्या शायरची झलक तेवढी दिसते. जॅक्सनच्या बाजूचे म्हणतात की अंगठी वितळल्यावर आणखी एक लढाई कोण बघणार? तिसरा चित्रपट आधीच २०१ मिनिटांचा होता आणि एकामागोमाग एक शेवट येतात म्हणून लोक तेव्हाही कुरकुरलेच. चित्रगृहाचा विचार केला तर हे खरं आहे. पण दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टॉल्किननी स्पष्ट लिहिलंय की हा भाग कथेसाठी अत्यावश्यक आहे आणि तो पहिल्यापासून मनात होता. युद्ध कुठेतरी दूर होतं आणि घर जसंच्या तसं राहतं, असं पहिल्या महायुद्धात जवळचे मित्र गमावलेल्या माणसानं लिहिणं शक्य नव्हतं. बॉम्बाडिलवाचून पुस्तकाची गोष्ट तीच राहते. शायरच्या नासधुशीवाचून ती वेगळी, अधिक सोपी होते.

ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी २०१२ मध्ये ‘ल माँद’ या फ्रेंच दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत चित्रपटांवर कडक टीका केली. पुस्तकाचं पंधरा ते पंचवीस वयोगटासाठीच्या मारधाडपटात रूपांतर झालं, असा तिचा रोख होता. वडिलांची हस्तलिखितं लावण्यात आयुष्य घातलेल्या मुलाचं दुःख समजतं, पण हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. अॅलन ली आणि जॉन हाव, म्हणजे पुस्तकासाठी वर्षानुवर्षं चित्रं काढणारे दोन चित्रकार, जॅक्सननी न्यूझीलंडला नेले आणि गावं, किल्ले, शस्त्रं त्यांच्या रेखाटनांवरून उभी केली. अंगठीनं ग्रासलेल्या गॉलमवर दया करण्याबद्दलचं फ्रोडो-गँडाल्फ संभाषण, ज्यावर अख्खी कथा तोललेली आहे, ते मोरियाच्या अंधारात आणून का होईना, पण जपलं. नुसत्या मारधाडीसाठी कोणी एवढं करत नाही.

तेव्हा टॉल्किन कोणाच्या बाजूनं असते? कापाकापीच्या बाबतीत, मला वाटतं, बहुतांशी तुमच्या भाच्याच्या. फॅरामिर आणि शायरबाबत ठामपणे तुमच्या. आणि हेल्म्स डीपबाबत दोघांच्याही विरोधात, कारण ती लढाई तुम्हा दोघांनाही आवडली असणार!

प्रश्न : मग ‘द हॉबिट’च्या वेळी तेच दिग्दर्शक असून जुने-नवे चाहते एकत्र नाराज कसे झाले?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण तिथे वाद वगळण्याचा नव्हता, वाढवण्याचा होता. १९३७ चं हे मुलांसाठीचं, एका खंडातलं पुस्तक. त्याचे २०१२ ते २०१४ या काळात तीन चित्रपट झाले, मिळून जवळपास आठ तासांचे. टॉरिएल ही योद्धी नव्यानं घडवली गेली, पुस्तकात नसलेला लेगोलास आला, प्रेमकथा आली. पाच सैन्यांच्या लढाईत पुस्तकातला बिल्बो निकाल लागण्याआधीच डोक्यात दगड लागून बेशुद्ध पडतो आणि निकाल त्याला नंतर कळतो. टॉल्किनना ती लढाई किती महत्त्वाची वाटत होती हे यावरून कळावं. तिसऱ्या चित्रपटाचा मोठा भाग मात्र त्याच लढाईनं व्यापला आहे. यात जॅक्सनच्या अडचणीही होत्या. आधीचे दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो २०१० मध्ये बाहेर पडले आणि तयारीला पुरेसा वेळ मिळाला नाही, हे जॅक्सननी पुढे उघडपणे सांगितलं. मार्टिन फ्रीमनचा बिल्बो आणि गॉलमबरोबरचा कोड्यांचा प्रसंग यांचं कौतुक मात्र नाराज चाहतेही करतात. काहींनी तर तिन्ही चित्रपट घरच्या घरी कापून एकच सलग चित्रपट बनवला, आणि त्यात हे प्रसंग हमखास असतात.

प्रश्न : लेखक हयात असताना असा वाद झाला तर?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : तीन उदाहरणं देण्यासारखी आहेत. जर्मन लेखक मिखाएल एंडे यांच्या ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’ (१९७९) वर १९८४ मध्ये चित्रपट आला तो साधारण अर्ध्या पुस्तकावर. इच्छा पूर्ण होता होता मुलगा आपल्याच आठवणी गमावत जातो, हा उत्तरार्ध त्यात नव्हता. एंडे संतापले, श्रेयनामावलीतून आपलं नाव काढायला लावलं आणि कोर्टातही गेले.

अर्सुला ली ग्विन यांच्या ‘अर्थसी’ कथांवर २००४ मध्ये अमेरिकेत दूरचित्रवाणी मालिका झाली. कथेचा नायक गेड तांबूस-तपकिरी कातडीचा आहे आणि त्या द्वीपसमूहातले बहुतेक लोक गोरे नाहीत. ही लेखिकेची विचारपूर्वक केलेली निवड होती. मालिकेत गेड गोरा झाला. ली ग्विन यांनी त्यावर जाहीर लेख लिहून निषेध केला. या प्रकरणात चाहत्यांमध्ये दोन तट पडायला फारशी जागाच नव्हती.

त्याच वर्षी जपानमध्ये हायाओ मियाझाकींनी डायना विन जोन्स यांच्या ‘हाउल्स मूव्हिंग कासल’ (१९८६) वर चित्रपट काढला. त्यांनी पुस्तकात नसलेलं भीषण युद्ध आणलं आणि पुस्तकातला जादूगार हाउल मुळात आपल्याच जगातल्या वेल्सचा रहिवासी आहे, हा धागा काढून टाकला. टॉल्किनच्या चाहत्यांना हादरवतील एवढे मोठे हे बदल. पण नायिका सोफीचा हट्टीपणा, हाउलचा नखरेलपणा आणि त्या चालत्या किल्ल्यातलं विचित्र घरपण मियाझाकींनी नेमकं पकडलं. विन जोन्सना चित्रपट मनापासून आवडला आणि तसं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. वेल्स का गाळलं, ही तक्रार त्यांच्या वाचकांपैकी काही जण आजही करतात.