वैद्यकीय शिक्षणाची पहिली पायरी : महाविद्यालयाची निवड

अमेरिकेत डॉक्टर होऊ इच्छिणारा विद्यार्थी आधी पदवी घेतो आणि मग वैद्यकीय महाविद्यालयाकडे वळतो. आपल्याकडे हा प्रवेश बारावीनंतरच होतो. म्हणून आपली खरी निवड अकरावीच्या कनिष्ठ महाविद्यालयाची असते. धाकट्या बहिणीसाठी ही निवड करण्याचे काम मजवर आले, कारण आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला. मी कला शाखेचा विद्यार्थी असलो तरी या निमित्ताने झालेला विचार मित्रांपुढे ठेवीत आहे.

मराठवाड्यात या बाबतीत लातूरचे नाव प्रथम निघते. तेथील राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली स्थापन झाले. अभ्यासक्रम वेळेआधी संपविणे, वारंवार चाचण्या घेणे आणि चुका दाखवून पुन्हा सराव करून घेणे, हे 'लातूर पॅटर्न'चे सार. नांदेडला यशवंत महाविद्यालय व सायन्स कॉलेज यांची विज्ञान शिक्षणाची परंपरा आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नांदेडला १९८८ मध्ये आणि लातूरला २००२ मध्ये सुरू झाले.

मात्र निवडीचे निकष आता बदलले आहेत. एकेकाळी बारावीच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश मिळत असे. पुढे 'नीट' परीक्षा निर्णायक ठरली. तिचे गुण ७२०. त्यांतले निम्मे जीवशास्त्राचे. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते उरले. विभागवार ७०:३० चे सूत्रही २०२० मध्ये रद्द झाले. तेव्हा केवळ गावाचे नाव पाहून भागणार नाही.

माझ्या मते चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, महाविद्यालयात तास व प्रात्यक्षिके खरोखर होतात काय? नाव एका ठिकाणी आणि मुलगा दुसऱ्या गावच्या खाजगी शिकवणीत, असे प्रकार आढळतात. दुसरी, मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी पाठ्यपुस्तके समजावून सांगणारे प्राध्यापक आहेत काय? 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, परंतु वर्गातील अभ्यास इंग्रजीत असतो. तिसरी, शुल्क, शिकवणी, खोली आणि खानावळ यांचा हिशोब. अनेकांना पुन्हा परीक्षा द्यावी लागते. म्हणून तो तीन वर्षांचा धरावा. चौथी, प्रवेश न मिळाल्यास पुढे काय? बी.एस्सी., औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या या वाटांचा विचार आधीच व्हावा.

कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरात एका मुलाच्या शिकवणीसाठी कर्ज निघते आणि दुसऱ्याचे शिक्षण थांबते. म्हणूनच जवळच्या चांगल्या महाविद्यालयाला मी प्रथम पसंती देईन. बहिणीचे नाव आम्ही नांदेडलाच घातले. ती माझ्याच खोलीवर राहते; त्यामुळे एक भाडे वाचते. डॉक्टर होणे तिच्या कष्टावर अवलंबून आहे. परंतु ती झाली नाही तरी तिचे शिक्षण थांबू नये, एवढी तजवीज निवड करतानाच करणे हे आपले कर्तव्य आहे.