बावचीपाशी थांबून

कोडाच्या डागांवर बावची लावून रुग्णाला उन्हात बसवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. बावचीच्या बियांतलं सोरालेन अतिनील किरण शोषतं आणि त्या ऊर्जेच्या जोरावर पेशीतल्या डीएनएला चिकटतं. त्यातून डागावर रंग येऊ शकतो, आणि प्रमाण चुकलं तर फोडही येतात. आता हेच सोरालेन पातळ करून काचेच्या कुपीत भरलं आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवलं, तर हा पदार्थ अतिनील किरण शोषतो, एवढंच यंत्र सांगेल. तो आकडा ठरलेल्या समीकरणात घातला की बावचीलाही एसपीएफ मिळेल. वनस्पतींच्या अर्काचं नॅनोजेल करून त्याला सनस्क्रीन म्हणणाऱ्यांनी, आणि ते विकत घेणाऱ्यांनीही, आधी या बावचीपाशी थांबावं असं मला कळकळीने वाटतं. किरण शोषणं वेगळं, त्वचेचं रक्षण करणं वेगळं.

हे समीकरण ब्राझीलच्या मन्सूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलं. नमुना अल्कोहोलमध्ये विरळ करायचा, २९० ते ३२० नॅनोमीटरमध्ये दर ५ नॅनोमीटरला त्याचं शोषण मोजायचं आणि शेवटी १० ने गुणायचं. हा १० चा गुणक ८ टक्के होमोसॅलेट असलेल्या क्रीमचा एसपीएफ ४ यावा, अशा बेताने निवडलेला आहे. स्वस्तातली पहिली चाळणी म्हणून या पद्धतीला माझा विरोध नाही. दहा अर्कांतून दोन निवडायला ती पुरते. अडचण होते ती चाळणीचाच निकाल शेवटचा मानला की. अर्क दुप्पट दाट घेतला तर आकडाही जवळपास दुप्पट होतो, मग तो एसपीएफ अर्काचा की विरळ करणाऱ्या हाताचा? शिवाय ३२० ते ४०० नॅनोमीटरचा यूव्हीएचा पट्टा या गणितात येतच नाही. खिडकीच्या काचेतूनही बराचसा आत येणारा आणि त्वचा रापवणारा, सुरकुतवणारा प्रकाश नेमका तोच. रायपूरच्या संशोधकांनी २०१० मध्ये याच समीकरणाने खोबरेल तेलाचा एसपीएफ ७ च्या आसपास काढला, आणि आता तो आकडा जणू बाटलीवर छापलेला असावा तसा लोक सांगतात. त्यावर विसंबून मूल दुपारच्या उन्हात खेळायला सोडणं मला भयंकर वाटतं.

खरा एसपीएफ माणसाच्या पाठीवर ठरतो. दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लेप लावून त्वचेवर लाली यायला किती पट किरण लागतात, ते पाहतात. अर्कांच्या बाबतीत इथेही एक मेख आहे. कित्येक वनस्पतींमध्ये दाह शमवणारी द्रव्यं असतात. ती लाली दाबतात, म्हणून आकडा वाढतो, पण किरण पेशीपर्यंत पोहोचत राहतात. लाली हा शरीराने दिलेला इशारा आहे. तो बंद केल्याने इजा थांबत नाही.

‘नॅनोकणांनी हे सगळं सुटतं,’ असा प्रतिवाद होतो. तो अर्धा खरा आहे. क्वेरसेटिनसारखी द्रव्यं पाण्यात विरघळत नाहीत. स्निग्ध नॅनोकणात बांधली की ती जेलमध्ये नीट पसरतात आणि अधिक टिकतात. घन स्निग्ध कण स्वतःही अतिनील किरण विखुरतात, हे बर्लिनच्या म्युलर यांच्या गटाने दाखवलं आहे. पण कुपीत घोटाळा करतं तेही हेच विखुरणं. गढूळ द्रावणातून भरकटलेला प्रकाश यंत्रापर्यंत पोहोचत नाही, आणि यंत्र तो ‘शोषला गेला’ असं धरतं. म्हणून अर्क न घातलेल्या कोऱ्या नॅनोजेलचं मोजमाप शेजारी नसेल, तर अर्काच्या नावावर मांडलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. दुसरी विसंगती त्याहून मोठी आहे. किरण अडवणारं द्रव्य त्वचेच्या वर राहायला हवं, तर ऑक्सिडीकरण रोखणारं द्रव्य आत उतरायला हवं. एकाच कणाची या दोन्ही गुणांसाठी स्तुती करणाऱ्याने त्याचं नेमकं काम आधी ठरवावं.

मग आजीची हळद खोटी का? मुळीच नाही, पण तिचं काम दुसरं आहे. कुरकुमिन सर्वाधिक शोषतं ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळा प्रकाश, म्हणून तर ते पिवळं दिसतं. सावळ्या त्वचेवरचा वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतो हे खरं, पण कुरकुमिन उन्हात विघटतं. तिथे रंगीत सनस्क्रीनमधलं लोह ऑक्साइडच टिकतं. वनस्पतींची खरी ताकद मला फेरुलिक आम्लात दिसते. क आणि ई जीवनसत्त्वांच्या द्रावणात ते घातल्यावर डुकराच्या त्वचेचं रक्षण चौपटीवरून सुमारे आठपट झालं, असं २००५ मध्ये अमेरिकेत दिसून आलं. गाळणीतून सुटलेल्या किरणांनी केलेली इजा सावरायला असा सोबती हवाच. त्याला गाळणीच्या जागी उभं करू नये.

म्हणून प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना माझा आग्रह आहे की जेल काही तास उन्हात ठेवून पुन्हा मोजा, यूव्हीए मोजा, आणि अर्कात मुख्य द्रव्य किती टक्के आहे ते सांगा. मावळातला आवळा आणि विदर्भातला आवळा सारखाच निघेल असं धरून चालू नका. विकत घेणाऱ्याने पुडक्यावर झिंक ऑक्साइडसारखा मान्य फिल्टर आणि यूव्हीएचा उल्लेख शोधावा. तर्जनी आणि मधलं बोट भरेल इतकं चेहऱ्या-मानेला लावावं, आणि घाम आला की पुन्हा लावावं, कारण पाण्यातली जेलं लवकर निघून जातात. आणि घटकांत बावची, अंजिराचा चीक किंवा लिंबाच्या सालीचं तेल दिसलं, तर ते जेल अंगाला लावून उन्हात जाऊच नये.