गोगलगाय अन् पोटात पाय : विष न वापरता परसबाग वाचवू



“काल संध्याकाळी वांग्याची रोपं लावली, सकाळी बघते तर नुसते दांडे!” पावसाळा लागला की ग्रामसंघाच्या बैठकीत हे गाऱ्हाणं हमखास ऐकू येतं. कुणी म्हणतं अळी पडली, कुणी म्हणतं शेजारची शेळी शिरली. पण बऱ्याचदा हे काम असतं गोगलगाईचं. दिवसा विटांखाली गरीब होऊन बसते आणि रात्री पालक, मेथी, कोबी, काकडीचे कोवळे कोंब फस्त करते. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण उगीच नाही आली.

शेतकऱ्यांना तर तिची चांगलीच ओळख आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांत शंखी गोगलगाईंनी सोयाबीनची उगवती रोपं खाल्ली. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. तीच गोगलगाय आपल्या परसबागेतही येते. आजच्या पाठात तिला ओळखायचं कसं आणि विष न घालता आवरायचं कसं, ते बघू.

आधी चोर ओळखा

पानाला वेडीवाकडी भोकं, रोपाचा शेंडा गायब, आणि मातीवर किंवा भिंतीवर वाळलेल्या शेंबडासारखी चकाकती रेघ दिसली, की समजा गोगलगाय. अळी असेल तर पानावर बारीक काळी-हिरवी लेंडी सापडते, चकाकती रेघ नसते. तरी शंका असेल तर रात्री आठ-नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन बागेत एक चक्कर मारा. चोर रंगेहाथ सापडेल.

आपल्याकडे दोन तऱ्हा दिसतात. एक पाठीवर शंख असलेली, दुसरी बिनशंखाची, लिबलिबीत. दोघींनाही ओल, सावली आणि कोवळा पाला लागतो. त्यामुळे उपायही सारखेच. मोठी शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये ती मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली आणि तिथून देशभर पसरली.

तिची वाढ समजून घ्या

प्रत्येक गोगलगाईत नर आणि मादी अशी दोन्ही अंगं असतात. म्हणजे बागेतली प्रत्येक मोठी गोगलगाय अंडी घालू शकते. शंखी गोगलगाय ओलसर मातीत इंच-दोन इंच खाली एका वेळी शंभराहून जास्त अंडी घालते. ती भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पांढरट-पिवळसर, एकत्र पुंजक्यात असतात. उन्हाळ्यात ती मातीत, दगडांखाली शंखाचं तोंड पांढऱ्या पापुद्र्यानं बंद करून झोपी जाते. पहिला चांगला पाऊस पडला की बाहेर येते, खाते आणि मग अंडी घालते.

या पाठातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस आपले. या दिवसांत एक गोगलगाय वेचली, तर पुढची शंभर वेचायची वेळ येत नाही. श्रावणापर्यंत थांबलात तर मग पुरे पडणार नाही.

विष का नको?

हे मी स्वतः नुकसान सोसून शिकले. तीन वर्षांपूर्वी मी ‘गोगलगाईचं औषध’ म्हणून दाणेदार गोळ्या आणल्या आणि पालकाच्या वाफ्यात टाकल्या. दुकानदारानं कोंबड्यांचं काही सांगितलं नाही आणि मीही पाकिटावरचं वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या तीन कोंबड्या गेल्या. त्यातली एक अंड्यावरची होती. गोगलगाई मेल्या खऱ्या, पण घरात तेव्हा दोन वर्षांचं नातवंड रांगत-चालत होतं. त्यानं गोळी तोंडात घातली असती तर, या विचारानं आजही अंगावर काटा येतो.

या गोळ्यांत बहुधा मेटाल्डिहाईड नावाचं विष असतं. गोगलगाईनं खावं म्हणून ते आमिषात मिसळलेलं असतं. त्या वासानं कुत्रं, कोंबडी, वासरूही येतं. आपण सगळ्याच फवाऱ्यांना ‘औषध’ म्हणतो, म्हणून हात सैल सुटतो. ते विष आहे. कुणी चुकून खाल्लं तर घरगुती उपाय करत बसू नका. पाकीट सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

आणखी एक गोष्ट. गोगलगाय खाणारे आपल्या अवतीभवती आहेत. भारद्वाज पक्षी शंख फोडून खातो. बेडूक छोट्या गोगलगाई गिळतो. काजव्याची अळीही गोगलगाईवर जगते. बदकं पाळली असतील तर ती आवडीनं खातात. बागेत विष घातलं तर हे सोबतीही धोक्यात येतात.

घरच्या घरी करायचे उपाय

१. लपायच्या जागा मोडा. पाऊस लागण्याआधी वाफ्याजवळचे विटा-दगडांचे ढीग, जुनी लाकडं, कुजका पाला हलवा. वाफे वरवर खणून माती उन्हात तापू द्या, झोपलेल्या गोगलगाई आणि अंडी उघड्यावर येतात. पावसाळ्यात रोपाच्या बुंध्याशी पाल्याचं आच्छादन दाट ठेवू नका.

२. गुळाचं गोणपाट. अर्धी बादली पाण्यात मूठभर गूळ विरघळवा. जुनं गोणपाट त्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरा. खाली कोबीची जून पानं किंवा पपईच्या साली टाकल्या तर आणखी बरं. रात्री खायला आलेल्या गोगलगाई सकाळी त्याखालीच बसलेल्या सापडतात. ऊन वर यायच्या आत गोणपाट उचला आणि वेचा.

३. वेचताना हात झाका. गोगलगाईच्या अंगात मेंदूला सूज आणू शकणारे सूक्ष्म जंत असू शकतात. उघड्या हातानं धरू नका. हातमोजे, प्लास्टिकची पिशवी किंवा चिमटा वापरा. नंतर साबणानं हात धुवा. मुलांना खेळायला देऊ नका. पालेभाजी वाहत्या पाण्यात पान-पान सुटं करून धुवा.

४. नीट विल्हेवाट लावा. अर्ध्या बादली पाण्यात तीन-चार मुठी मीठ घालून वेचलेल्या गोगलगाई त्यात टाका आणि रात्रभर झाकून ठेवा. मग विहिरीपासून आणि वाफ्यापासून दूर दीड-दोन फूट खड्ड्यात वर चुना टाकून पुरा. रिकामे शंख उघड्यावर टाकू नका, त्यांत पाणी साचून डास होतात.

५. चुना आणि राख. वाफ्याभोवती चार बोटं रुंद कोरड्या चुन्याचा किंवा चुलीच्या राखेचा पट्टा ओढा. गोगलगाय कोरड्यावरून जायला कचरते. पण पाऊस पडला की पट्टा वाया जातो, परत ओढावा लागतो. चुना रोपाच्या बुंध्याला लागू देऊ नका, डोळ्यांना जपा.

६. पाणी सकाळी द्या. संध्याकाळी पाणी दिलं तर रात्रभर वाफा ओला राहतो, म्हणजे तिला आवतणच. पावसाची उघडीप असताना तरी हे पाळा.

७. रोपं थोडी मोठी करून लावा. वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं उंच मांडवावर ट्रेमध्ये किंवा करवंटीत वाढवा. दांडा जरा जून झाला की मग वाफ्यात लावा. कोवळं रोप एका रात्रीत जातं, जून रोप तग धरतं.

हे करू नका

- वाफ्यात मीठ टाकू नका. गोगलगाय मरेल, पण माती खारवेल आणि रोपंही जळतील. मीठ फक्त बादलीत.
- अंड्याच्या टरफलांवर भरवसा ठेवू नका. खत म्हणून चालतील, कुंपण म्हणून नाही.
- जिवंत गोगलगाई ओढ्यात किंवा शेजारणीच्या परड्यात फेकू नका. त्या चालत परत येतात.

एकटीनं होत नाही

कोंबड्या गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी एकटीच गोणपाट टाकत राहिले. रोज वेचायची, रोज नव्या यायच्या. कारण पलीकडच्या पडक्या भिंतीत त्यांचं घर होतं. गोगलगाईला बांध कळत नाही. गेल्या वर्षी मात्र आमच्या आळीतल्या गटाच्या सगळ्या घरांनी एकाच दिवशी गोणपाटं टाकली. पडकी भिंत, शाळेमागचा उकिरडा, हातपंपाजवळची ओल, सगळीकडे वेचलं. पहिल्या सकाळी बादल्या भरल्या. आठवड्यानंतर तळाला चार-दोन दिसू लागल्या. गेल्या वर्षीचा पालक आम्ही घरी खाल्ला आणि आठवडी बाजारातही नेला.

तुमच्या गटासाठी सोपी योजना अशी : पहिला चांगला पाऊस झाला की पुढच्या बैठकीची वाट न बघता एकमेकींना निरोप द्या. सात दिवस रोज संध्याकाळी गोणपाट, रोज सकाळी वेचणी. किती सापडल्या ते गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहा. आकडा कमी होताना दिसला की हुरूप येतो. त्यानंतर आठवड्यातून एकदा फेरी पुरे.

बैठकीत बोलायचे प्रश्न

- आपल्या आळीत गोगलगाई कुठे लपतात? ती जागा कुणाच्याच मालकीची नसेल तर कोण साफ करणार?
- गटात कुणाकडे गोगलगाईच्या विषारी गोळ्या आहेत का? त्या मुलांच्या, जनावरांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवल्या आहेत का?
- जुनी गोणपाटं कुणाकडे किती आहेत?

गूळ, गोणपाट, राख, चुना, हे सगळं घरातलंच. पाच रुपयांच्या गुळात काम होतं, फक्त सकाळी लवकर उठावं लागतं. आणि ते तर आपण उठतोच!