आलेखाचे माप आणि कागदाचे माप

भंडारा जिल्ह्याचा तालुकावार स्तंभालेख काढताना आडव्या अक्षावर तुमसर, मोहाडी, भंडारा, साकोली, लाखनी, पवनी आणि लाखांदूर अशी सात नावे ओळीने बसवावी लागतात. यांतले लाखांदूर हे नाव छपाईची खरी परीक्षा घेते. त्यात शिरोरेषेवर अनुस्वार आहे आणि तळाशी दीर्घ उकार आहे, त्यामुळे अक्षर लहान झाले की आधी टिंब बुजते, मग उकार ऱ्हस्व की दीर्घ हे कळेनासे होते आणि अखेर तालुक्याचे नावच चुकीचे छापल्यासारखे दिसते. छपाईत अक्षराचे माप पॉइंटात मोजतात. एका इंचाचे ७२ पॉइंट होतात, म्हणजे एक पॉइंट सुमारे ०.३५ मिलिमीटरचा असतो. रोमन लिपी ६ पॉइंटांना जेमतेम वाचता येते, पण त्याच मापाची देवनागरी वाचकाला डोळे ताणायला लावते, म्हणून मराठी आलेखातील कोणतेही अक्षर छापील कागदावर ८ पॉइंटांच्या खाली जाऊ नये, असे अनुभव सांगतो.

जनगणनेचे तक्ते किंवा दरवर्षीचे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन हाताशी घेऊन अभ्यासक महिनोन्‌महिने आकडेमोड करतात, आणि एवढ्या कष्टाचे फळ शेवटच्या अर्ध्या तासात, आलेख पानावर चिकटवताना, वाया जाते. याला आळस क्वचितच कारणीभूत असतो. आलेखातील अक्षर, रेघ आणि ठिपका यांची मापे सांख्यिकी सॉफ्टवेअर वेगवेगळ्या एककांत धरते आणि ते एकक पडद्यावर कोठेही लिहिलेले नसते, हे त्याचे खरे कारण आहे.

या मापांचे मूलतः दोन प्रकार पडतात. सापेक्ष माप म्हणजे आलेखाच्या एकूण आकाराच्या प्रमाणात बदलणारे माप, तर निरपेक्ष माप म्हणजे पॉइंट, सेंटिमीटर किंवा इंच यांत ठरवलेले, आलेख केवढाही काढला तरी तेवढेच राहणारे माप. स्टाटा या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराचा आकार परंपरेने सापेक्ष आहे. तो आलेखाची रुंदी आणि उंची यांपैकी जी बाजू लहान, तिच्या शेकडा प्रमाणात मोजला जातो. ‘मध्यम’ म्हणून ओळखले जाणारे तेथील अक्षर सुमारे ३.८२ टक्क्यांचे असते. ४ इंच उंचीच्या आलेखात ते ११ पॉइंटांचे उतरते, ६ इंच उंचीत साडेसोळा पॉइंटांचे होते आणि अडीच इंचांत ७ पॉइंटांच्याही खाली जाते. एकाच प्रबंधातील दोन आलेख एकाच आज्ञेने काढूनही वेगळ्या हातांचे वाटतात ते यामुळेच. २०१९ साली आलेल्या सोळाव्या आवृत्तीपासून स्टाटात पॉइंट, सेंटिमीटर आणि इंच थेट लिहिता येतात, आणि छपाईसाठी काढायच्या आलेखात ही सोय न वापरण्याचे काहीही कारण उरलेले नाही.

आर या भाषेतील जीजीप्लॉट२ या लोकप्रिय संचात गोंधळ वेगळ्या जागी आहे. अक्षांवरील नावे व शीर्षके तेथे पॉइंटांत मोजली जातात, पण स्तंभांच्या डोक्यावर लिहायचे आकडे मिलिमीटरमध्ये. अक्षावरील नावांना ११ दिले म्हणून आकड्यांनाही ११ दिले, तर ते ३१ पॉइंटांचे होऊन शेजारच्या स्तंभावर चढतात. दोन्ही सारखे हवे असतील तर आकड्यांना सुमारे ३.९ द्यावे लागते. रेघेच्या जाडीचे एककही तेथे सरळ मिलिमीटर नाही. जुन्या चुकीमुळे एक एकक म्हणजे साधारण पाऊण मिलिमीटर, असे त्या संचाच्या माहितीपत्रकातच नोंदलेले आहे.

सर्वाधिक नुकसान मात्र पिक्सेलमुळे होते. पिक्सेल हा पडद्यावरील चित्राचा सर्वांत लहान ठिपका असून त्याला स्वतःची लांबी नसते. एका इंचात किती पिक्सेल बसवायचे हे ठरल्यावरच ती निश्चित होते, आणि त्या संख्येलाच घनता म्हणतात. आरमधून पीएनजी चित्र काढताना काही न सांगितल्यास ते ४८० पिक्सेल रुंदीचे आणि ७२ घनतेचे निघते. ते छापल्यावर फुटलेले दिसते म्हणून रुंदी २००० पिक्सेल केली जाते, पण घनता ७२ हीच राहते. मग १२ पॉइंटांचे अक्षर १२ पिक्सेलांचेच उरते आणि ए-४ कागदाच्या १६ सेंटिमीटर मजकुराच्या रुंदीत ते चित्र बसवले की त्या अक्षराचे माप ३ पॉइंटांच्याही खाली येते. उपाय साधा आहे: रुंदी १६ सेंटिमीटर आणि घनता ३०० असे दोन्ही एकदमच सांगावे, पिक्सेलांचा हिशेब सॉफ्टवेअरने करावा, आणि तयार चित्र वर्डमध्ये कोपरा धरून ताणू किंवा आवळू नये. ३० सेंटिमीटर रुंद काढलेला आलेख १६ सेंटिमीटरमध्ये दाबला की त्यातील ११ पॉइंटांचे अक्षर ६ पॉइंटांच्याही खाली घसरते, आणि रेघाही त्याच प्रमाणात बारीक होतात.

अक्षर चुकले तर वाचकाला निदान त्रास जाणवतो. वर्तुळाचे माप चुकले तर तो नकळत फसतो. २०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या ४६,५३,५७० आणि भंडाऱ्याची १२,००,३३४ होती, म्हणजे नागपूर सुमारे ३.९ पट मोठे आहे. हे प्रमाण वर्तुळाच्या व्यासाला दिले, तर नागपूरचे क्षेत्रफळ भंडाऱ्याच्या १५ पट होते आणि भंडारा एखाद्या तालुक्याएवढा भासतो. प्रमाण क्षेत्रफळाला दिले तर नागपूरचा व्यास जेमतेम दुप्पट निघतो आणि तेच खरे चित्र आहे. पायथनमधील मॅटप्लॉटलिबमध्ये विखुरलेल्या बिंदूंच्या आलेखातील ठिपक्याचे माप चौरस पॉइंटांत, म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने असते, तर रेषालेखावरील ठिपक्याचे माप व्यासाचे असते. पहिल्यातला ३६ आणि दुसऱ्यातला ६ हे एकसारखे दिसतात. ज्याला हे माहीत नाही तो आपल्याच जिल्ह्यावर अन्याय करतो.

नकाशावर काळजी आणखी वाढते, कारण तेथे कागदावरील माप आणि जमिनीवरील माप एकत्र येतात. कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, १:५,००,००० या प्रमाणाच्या नकाशावर ६ पॉइंटांच्या ठिपक्यांनी दाखवले, तर प्रत्येक ठिपका जमिनीवरचा एक किलोमीटरहून अधिक व्यास झाकतो आणि गावागणिक असलेले लहान तलाव एकमेकांत मिसळून एकच मोठा जलाशय असल्याचा भास होतो. अशा नकाशात ठिपका २ पॉइंटांपर्यंत उतरवावा आणि तो तलावाची फक्त जागा दाखवतो, आकार दाखवत नाही, हे सूचीत स्पष्ट लिहावे.

देवनागरीपुरती एक अडचण मापाच्याही आधी सोडवावी लागते. आरच्या मूळ पीडीएफ मार्गाने मराठी अक्षरांच्या जागी टिंबे उमटतात, म्हणून कैरो किंवा रॅग हे मार्ग वापरावेत. मॅटप्लॉटलिबच्या अनेक वर्षे प्रचलित असलेल्या आवृत्त्यांत ‘जिल्हा’ या शब्दातील वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षर फुटते, तेव्हा आधी हाच शब्द छापून पाहावा. त्यानंतर नियतकालिकाच्या स्तंभाची किंवा प्रबंधाच्या पानाची रुंदी विचारून घ्यावी, ती सेंटिमीटरमध्ये आज्ञावलीच्या पहिल्याच ओळीत लिहावी, अक्षर, रेघ व ठिपका यांची मापे तिच्याखाली एकत्र नोंदवावीत, आणि पडद्यावर विश्वास न ठेवता एक प्रत शंभर टक्के आकारात साध्या छपाईयंत्रावर काढून, ती हातभर अंतरावर धरून सातही तालुक्यांची नावे वाचून पाहावीत.