शुद्ध जात की संकरित? आधी आपला पाऊस बघ

अगं, केवढी यादी केलीस! कडकनाथ, असील, गिरिराज, वनराज... ती वही आधी मिट बघू. आपल्या खालापूर-कर्जतकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि रसायनीच्या एवढ्या कारखान्यांतही कुंपणापलीकडे मुंगूस टपलेलं असतंच. यात टिकेल ती आपली कोंबडी.

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. २०१८ मध्ये त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. कोंबडी काटक, पण अंड्यांवर बसायचा तिला कंटाळा. आणि अंडी काळी नसतात गं! माझ्या सासूबाई अजून वाट बघतायत. ‘दुर्मीळ, अस्सल’ म्हणून कुणी दुप्पट भाव सांगितला तर हुरळू नकोस. २०१९ साली सांगलीकडे याच नावावर शेतकऱ्यांचे पैसे बुडाले.

गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं आणि वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं मुद्दाम परसासाठीच तयार केले. गावठी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, या शंभराच्या पुढे जातात. पण खरं सांगू का, या सहसा खुडूक होत नाहीत. अंगानं जड, त्यामुळे मुंगूस आलं की फांदी गाठता येत नाही. त्यांची पुढची पिल्लंही त्याच गुणांची निघत नाहीत, म्हणजे दर खेपेला विकतच आणायची.

म्हणून माझं ऐक. पाया गावठीचा ठेव: चार-पाच तलंगा आणि एक तगडा कोंबडा. जवळच्या वाडीवर ज्यांच्या कोंबड्यांनी पावसाळे काढलेत, त्यांच्याकडूनच घे. जोडीला अंड्यांसाठी सहा-सात गिरिराज. त्यांची मोठी तांबूस अंडी खायची, उबवायला गावठीचीच ठेवायची. गिरिराजचे नर गटारीला विकून मोकळी हो, नाहीतर कळपात सगळी सरमिसळ होईल.

आणि काटक आहे म्हणून लस टाळायची नाही हं! मानमोडी आली की जातबित बघत नाही. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की लासोटा द्यायचीच. पुढच्या लसी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घे. खुराड्यातला तूस ओला झाला की लगेच बदल, नाहीतर रक्ती हगवण लागते.

पिल्लं फेब्रुवारीत आण, म्हणजे पावसाआधी अंगानं भरतील. घर, नोकरी, पोरं सांभाळतेस, मग दहा-बारा कोंबड्या काय जड आहेत तुला? खुराडं मात्र आधी बांध, पिल्लं मग!