एका पॅनमधून दुसऱ्या पॅनमध्ये : माल पाठवण्याच्या सात पायऱ्या



मागच्या वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी उभे राहून विचारले, "पॅन हाऊसला संगणक कशाला? आमचा पॅनमन काचेवर नमुना घेऊन बोटानं दाणा ओळखतोय की! मग हा खर्च कोणासाठी?" प्रश्न रास्त होता. पैसा तुमचा-आमचा आहे, तेव्हा विचारलेच पाहिजे. मी शेती खात्याचा माणूस. साखर शिजवणे हे माझे काम नव्हे. तरी उत्पादन विभागात काही पाळ्या बसून जे समजून घेतले, ते आपल्या भाषेत मांडतो.

गाळप अखंड, पॅन मात्र आदणासारखा

गव्हाणीत ऊस पडतो, रस निघतो, तापतो, निवळतो, आटतो. हे काम पाटाच्या पाण्यासारखे सतत चालू असते. परंतु बहुतेक ठिकाणी पॅन हे गुऱ्हाळाच्या काहिलीसारखे चालतात. एक आदण चढवायचे, शिजवायचे, उतरवायचे, भांडे धुऊन दुसरे चढवायचे. फरक एवढाच की काहील उघडी असते आणि पॅन बंद असतो. त्यातली हवा ओढून घेतल्यामुळे पाक ६५ अंशांच्या आसपासच उकळतो आणि साखर करपत नाही. ही युक्ती इंग्लंडमध्ये एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड यांनी १८१३ च्या सुमारास काढली. आजही तत्त्व तेच आहे.

आदण पद्धतीत खरी जोखीम शिजवण्याइतकीच माल हलवण्यात असते. पूर्वी मी दुसऱ्या एका कारखान्यात नोकरीस होतो. पाळी बदलण्याच्या वेळी तिथे एक पॅन खाली सोडला. खालचा क्रिस्टलायझर रिकामा आहे असे जाणाऱ्याने तोंडी सांगितले होते. प्रत्यक्षात तो निम्मा भरलेला होता. गरम मॅसेक्वीट काठावरून वाहिले, एका कामगाराचा पाय भाजला. माणूस वाचला, पण तो हंगाम त्याचा घरीच गेला. चूक एका माणसाची म्हणून सगळे मोकळे झाले. मला मात्र वाटते, चूक पद्धतीची होती.

पाण्यावरचा माणूस काय करतो?

रात्री पाणी पाजताना शहाणा माणूस आधी पुढच्या वाफ्याचे दार फोडतो, मग भरलेल्या वाफ्याचे बांधतो. उलटे केले तर पाट फुटतो. पुढचा बांध धड आहे का, पाणी भलतीकडे जात नाही ना, हेही तो बॅटरी मारून बघतो. पॅन हाऊसचा नियम याहून वेगळा नाही.

उदाहरण म्हणून 'कट' घेऊ. एका पॅनमध्ये दाणा धरला की त्यातला काही माल दुसऱ्या पॅनमध्ये घेतात आणि दोन्हीकडे पाक देऊन दाणा वाढवतात. हा माल नळीतून व्हॅक्यूमच्या ओढीने जातो. त्याच्या पायऱ्या अशा :

१. घेणारा तयार आहे का? पॅन रिकामा, धुतलेला, खालचे झाकण बंद आणि आत व्हॅक्यूम धरलेला पाहिजे.

२. देणारा तयार आहे का? दाणा हव्या त्या आकाराचा झालेला पाहिजे. पाकाचा आणि वाफेचा व्हॉल्व्ह बंद पाहिजे.

३. वाट राखून ठेवणे. कटची नळी अनेक पॅनना मिळून एकच असते. एका वेळी एकाच जोडीने ती वापरायची. बाकीच्यांचे व्हॉल्व्ह बंद. पाटाची पाळी ज्याची, पाणी त्याचे.

४. वाट गरम करणे. थंड नळीत मॅसेक्वीट घट्ट होऊन अडकते. म्हणून आधी वाफ फिरवायची.

५. क्रमाने उघडणे. देणाऱ्या पॅनचा व्हॅक्यूम मोडायचा, मग वाटेवरचे व्हॉल्व्ह उघडायचे. हुकूम दिला म्हणजे व्हॉल्व्ह उघडला असे धरू नये. तो खरोखर उघडला, ही खूण परत आली पाहिजे.

६. मोजून थांबणे. ठरलेली पातळी येण्याच्या किंचित आधी बंद करावे, कारण वाटेत असलेला मालही येऊन पडतो. आणि वेळेची मर्यादा ठेवावी. अमुक मिनिटांत पातळी वाढली नाही, तर काहीतरी अडले आहे. थांबून घंटा वाजवावी.

७. वाट धुणे आणि नोंद करणे. व्हॉल्व्ह बंद करून नळी वाफेने साफ करायची, मगच ती दुसऱ्यासाठी मोकळी करायची. देणाऱ्याकडून किती गेले आणि घेणाऱ्याकडे किती आले, याचा मेळ लावायचा. वजनकाट्यावर आपण भरलेली आणि रिकामी गाडी दोन्ही तोलतो, तसेच हे.

आठवी गोष्ट पायरी नव्हे, पण सर्वांत महत्त्वाची. मध्येच वीज गेली तर काय? कोणता व्हॉल्व्ह आपोआप मिटावा, कोणता उघडा राहावा, आणि वीज आल्यावर काम कुठून पुढे न्यावे, हे आधीच लिहून ठेवावे लागते. संकट आल्यावर विचार करायला वेळ नसतो.

संगणक काय करतो?

तो या पायऱ्या पाळीबदलातही विसरत नाही. दोन्ही पॅननी 'तयार' म्हटल्याशिवाय वाट उघडत नाही. अशा आदण पद्धतीच्या नियंत्रणासाठी आयएसए-८८ नावाचे मानक १९९५ साली निघाले. त्याचा एक मुख्य विचार असा की, यंत्र काय काय करू शकते ते एकीकडे लिहावे, आणि माल कसा बनवायचा याची कृती दुसरीकडे. म्हणजे कृती बदलली तरी सगळी यंत्रणा उकलावी लागत नाही.

पण ती कृती लिहिणार कोण? पॅनमनच. दाणा कधी धरला, पाक कधी द्यायचा, हे त्याच्या बोटांना माहीत आहे. त्याला न विचारता बसवलेली यंत्रणा पहिल्याच महिन्यात हाताने चालवायची वेळ येते.

आपला संबंध काय?

हिशेब करून पाहा. समजा पाच टन 'ए' मॅसेक्वीट वाहून गेले. त्यात सुमारे चार टन साखर असते. दहा टक्के उताऱ्याने चार टन साखर म्हणजे ४० टन ऊस. एका चांगल्या एकराचे वर्षभराचे पीक! गोळा केलेला माल पुन्हा वितळवता येतो हे खरे, पण त्यात वाफ, वेळ आणि थोडी साखर जातेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा अशी आहे. उतारा असा ठिपक्या-ठिपक्यानेच वाढतो, आणि गळतोही तसाच.

मात्र एक गोष्ट संगणकाला जमत नाही. तोडून दोन-तीन दिवस फडात पडलेल्या उसात डेक्स्ट्रान वाढते, पाक चिकट होतो, दाणा लांबट पडतो आणि आदण उतरायला उशीर होतो. तेव्हा तोडलेला ऊस त्याच दिवशी गाडीत भरा. टोळी आली आणि वाहन नाही असे झाले, तर चिटबॉयला लगेच कळवा. फडातून गव्हाणीत ऊस जाणे हीसुद्धा माल पाठवण्याचीच पायरी आहे. तिथेही घेणारा तयार आहे ना, हे बघूनच कोयता चालवावा.

ज्यांना पॅन हाऊस प्रत्यक्ष बघायचे आहे, त्यांनी आपल्या गट कार्यालयात नाव द्यावे. बघून मग विचारा, खर्च कोणासाठी. उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल, आणि नाही पटले तर सभेत पुन्हा उभे राहा.

— ऊस विकास अधिकारी